नसलेल्या पुस्तकाची नोंद

खर्डी स्टेशनपासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर आमचं गाव आहे. गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ग्रंथपालाच्या आयुष्यातल्या गमती मागितल्या. त्या आहेत, थोड्या सांगतोही. पण त्या निमित्तानं मला एक दुरुस्ती छापून आणायची आहे. मी एक खोटी गोष्ट छापली होती. तिची तोंडी माफी मागून भागणार नाही, कारण छापलेलं फार लांब जातं.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो. लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे पुस्तक देणारा आणि उशीर झाला की कुरकुर करणारा. खरं काम दाखल नोंदवहीचं. नवं पुस्तक आलं की त्यावर शिक्का मारायचा, त्याला एक क्रमांक द्यायचा आणि नोंदवहीत त्याची एक ओळ लिहायची: लेखक, नाव, प्रकाशक, पानं, पुस्तक कुठून आलं. शेवटच्या रकान्यात शेरा. पुस्तक फाटलं, हरवलं, वाळवीनं खाल्लं, की शेऱ्यात तसं लिहून ते बाद करायचं. या वहीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर तांबड्या शाईची एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. मी नव्या माणसाला नेहमी सांगायचो, या वहीत जे आहे तेच वाचनालयात आहे. हे वाक्य मला फार आवडायचं.

वाचक तऱ्हेतऱ्हेचे. एक गृहस्थ रहस्यकथा घेताना माझ्यासमोर उभ्यानं शेवटचं पान वाचत. खुनी कोण ते कळलं की समाधानानं म्हणत, "आता निवांत वाचतो." तानसा धरणावर पहाऱ्याला असणारे एक जण एकदम चार जाड कादंबऱ्या नेत. परत करताना प्रत्येक कादंबरीवर त्यांचं एकच मत असे: "बाईचं चुकलं." भात झोडायच्या दिवसांत पुस्तकं परत यायची ती पानांत पेंढ्याची काडी घेऊन. मी ती काडी काढत नसे. वाचक कुठवर पोचला ते त्यावरून कळायचं, आणि बहुतेक जण विसाव्या पानाच्या आसपास दमलेले असत.

ते दमू नयेत म्हणून मी देशवर्ष सुरू केलं. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एक देश निवडायचा. वर्षभर त्या देशाची पुस्तकं वाचायची, महिन्यातून एकदा तिथला सिनेमा बघायचा, तिथलं संगीत ऐकायचं. पहिल्या वर्षी जपान, मग इराण. तिसऱ्या वर्षी मी टांझानिया घेतला. कारण असं, की आमच्या कपाटात आफ्रिकेवरची जी मराठी पुस्तकं होती त्यांत सिंह होते, हत्ती होते, जीप होत्या, शिकारी होते. माणसं नव्हती. असली तर ती सामान उचलायला होती.

आमचे अध्यक्ष गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांनी विचारलं, "भाऊ, टांझानियाच का? आपल्याला तिथलं कोण ओळखतं?"

मी म्हटलं, "कोणी ओळखत नाही म्हणूनच."

मी मुंबईला जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून इंग्रजी पुस्तकं आणली. झांझिबारच्या एका लेखकाची कादंबरी शब्दकोश मांडीवर घेऊन तीन महिन्यांत वाचली आणि दर शनिवारी तिचा थोडा थोडा भाग लोकांना मराठीत सांगितला. बेटावरचा व्यापारी, त्याची बहीण, मोसमी वाऱ्यांवर आपल्याच किनाऱ्यावरून तिकडे जाणारी गलबतं. लोक लवंगा आणि नारळाच्या भागाला खूश असायचे. स्वाहिली भाषेत पुस्तकाला किताबू, जगाला दुनिया, साबणाला साबुनी म्हणतात हे फळ्यावर लिहिलं, तेव्हा एक आजोबा म्हणाले, "मंग उरलं काय शिकायचं?"

सिनेमाला वरच्या खोलीची पांढरी भिंत आणि शाळेकडून आणलेला प्रोजेक्टर. सिनेमातले संवाद स्वाहिली, खाली अक्षरं इंग्रजी, आणि मी बाजूला उभा राहून ती मराठीत वाचायचो. पहिल्याच सिनेमात एका घरात स्वयंपाक चाललेला. आई मुलीला काही तरी आणायला सांगते. खाली अक्षरं आली ती मी तशीच वाचली: "नारळ आहे, बकरी आण."

खोलीत हशा पिकला. आणि मागून एका बाईचा आवाज आला, "बकरी नाय रं, खवणी! त्या खवणीलाच तिकडं बकरी म्हणत्यात. एम्बुझी. आता बघ, बसंल तिच्यावर."

पडद्यावरची मुलगी खरंच एका बुटक्या लाकडी पाटावर बसली आणि पाटाच्या पुढच्या लोखंडी दात्यांवर नारळ खवू लागली. हुबेहूब आपली खवणी. मी वळून बघितलं. मागच्या भिंतीला टेकून एक सत्तरीला आलेली, बारीक अंगाची बाई उभी होती. ती होती हिराबाई. तानसाच्या अंगाला दोन कोसांवर एक वाडी आहे, तिथली. वाचनालयात पहिल्यांदाच आली होती. लिहितावाचता येत नाही म्हणून याआधी कधी आली नव्हती.

तिची हकिगत मला नंतर कळली. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला. पदरात तीन वर्षांचा मुलगा. मुंबईत एका व्यापाऱ्याच्या घरी ती स्वयंपाकाला लागली. त्याच वर्षी त्या कुटुंबानं टांझानियातल्या टांगा नावाच्या बंदराच्या गावी धंदा उघडला आणि हिराबाईला बरोबर नेलं. मुलगा आईकडे ठेवून ती गेली. अकरा वर्षं राहिली. त्या घरात मामा रेहेमा नावाची तिथली एक बाई कामाला होती. तिकडे बाईला तिच्या मुलाच्या नावानं हाक मारतात. रेहेमाची आई म्हणून मामा रेहेमा. दोघींनी एका चुलीवर अकरा वर्षं काढली. हिराबाई बाजारात गेली की भाषा शिकायची आणि चुलीपाशी बसली की गोष्टी शिकायची.

"परत आल्यावर तुम्हाला कोणी विचारलं नाही, तिकडं काय होतं?" मी म्हटलं.

"इचारलं ना. सोनं किती आणलंस ते इचारलं."

त्या वर्षी हिराबाई दर बुधवारी दुपारी वाचनालयात येत. मी गाणी लावायचो, त्या अर्थ सांगायच्या. झांझिबारकडच्या तआरब गाण्यांत व्हायोलिनचा, कानून नावाच्या तंतुवाद्याचा मोठा ताफा असतो आणि गायिका शांतपणे उभी राहून गाते. मी पुस्तकात वाचलं होतं की हे दरबारी संगीत आहे. हिराबाई ऐकून हसल्या. "दरबारी कसलं! ही बाई शेजारणीला टोमणा मारते. तिकडं लग्नात असं गाणं लागलं का बायका उठून नाचत नाचत गाणारणीकडं जातात. जिला ती ओळ लागते ती बसून राहाते. मंग सगळ्यांना कळतं, कुणाचं कुणाशी वाकडं हाय ते."

बाजूला बसलेली एक बाई म्हणाली, "गो बाय, म्हंजे आपल्या लग्नातल्या गाण्यांसारकंच!" आमच्याकडेही लग्नात बायका व्याह्यांना गाण्यांतून सोलून काढतात. त्या दिवशी दरबारी संगीत समजावून सांगायचं माझं टिपण मी खिशात घातलं.

एकदा त्यांनी खांगा आणला. तिकडच्या बायका नेसतात तो रंगीत सुती कपडा. त्याच्या काठापाशी एक ओळ छापलेली असते आणि बाई ज्या दिवशी जी ओळ नेसते ते तिचं त्या दिवसाचं बोलणं असतं. हिराबाईंना ती ओळ वाचता येत नव्हती, पण पाठ होती. तो खांगा मामा रेहेमानं निघताना दिला होता. ओळीचा अर्थ त्यांनी मला सांगितला, पण तो इथे लिहू नको म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही.

आणि गोष्टी. सुंगुरा म्हणजे ससा, लबाड. फिसी म्हणजे तरस, हावरट. गोष्ट सांगणारी आधी ओरडते, "पाऊक्वा!" ऐकणाऱ्यांनी म्हणायचं, "पाकावा!" उत्तर आलं नाही तर गोष्ट सुरूच होत नाही. अशा अकरा गोष्टी मी हिराबाईंच्या तोंडून उतरवून घेतल्या. त्या सांगत, मी लिहायचो, मग वाचून दाखवायचो. एखादा शब्द चुकला की त्या हात वर करत. इतका चांगला संपादक मला दुसरा भेटला नाही.

एकदा लिहिता लिहिता मी विचारलं, "या तुमच्या मुलाला सांगितल्या असतील ना?"

त्या म्हणाल्या, "शेठच्या पोरांना सांगल्या. मी आली तवा माजा पोरगा चौदा वर्सांचा. त्याला कुटं गोष्ट सांगायची?"

आता माझी गोष्ट.

वर्ष संपल्यावर समितीनं ठरवलं की टांझानियावर एक पुस्तिका काढून शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांना वाटायची. लिहायचं काम माझं. शेवटी आधारासाठी वापरलेल्या पुस्तकांची यादी हवी. मी यादी केली. प्रकरणांपुढे पुस्तकांची नावं, लेखक, प्रकाशक. गोष्टींच्या प्रकरणापुढे लिहिलं: हिराबाई, यांनी सांगितल्या. मग ती यादी मी लांब धरून बघितली. सात भारदस्त पुस्तकं आणि त्यांच्या खाली एक स्वयंपाकीण बाई. मला ते उघडं वाटलं. हिराबाईंची लाज वाटली असं नाही. मला माझी वाटली. एवढं देशवर्ष करून ग्रंथपालानं शेवटी वाडीवरच्या बाईचं ऐकून लिहिलं, असं लोक म्हणतील.

गुरुजींनी कच्ची प्रत चाळताना सहज विचारलं, "गोष्टी छान आहेत. कुठल्या पुस्तकातल्या?"

त्यांनी काही दडपण आणलं नव्हतं. हिराबाईंचं नाव घेतलं असतं तर ते बरं म्हणाले असते. मी म्हणालो, "एक जुनं इंग्रजी पुस्तक आहे. देणगीत आलंय."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण गुरुजी कधी तरी ते पुस्तक मागतील म्हणून मी दाखल नोंदवही उघडली आणि पुढचा क्रमांक घातला, ४३१७. पुस्तकाचं नाव लिहिलं 'टेल्स फ्रॉम द टांगा शोअर'. लेखक म्हणून एक इंग्रजी आडनाव लिहिलं. शाळेत आम्हाला एक धडा होता, त्यातल्या पोस्टमास्तरचं. पुस्तिकेच्या यादीतही हिराबाईंचं नाव काढून हेच पुस्तक घातलं. पुढच्या महिन्यात पावसाळा संपला तेव्हा शेऱ्यात लिहिलं: वाळवीनं नष्ट, बाद. जन्मही मीच दिला आणि मारलंही मीच. एकतीस वर्षांत त्या वहीत मी लिहिलेली ही एकच खोटी ओळ. एकच असल्यानं ती लहान होत नाही.

आणखी एक केलं. सशाच्या एका गोष्टीचा शेवट बदलला. गोष्ट अशी, की एका म्हातारीच्या कसावा कंदाच्या मळ्यात ससा रोज चोरून खायचा आणि म्हातारीला दिसला की म्हणायचा, तरसाला इकडून जाताना पाहिलं. तरस रोज मार खायचा. शेवटी म्हातारीनं सशाला पकडलं. मारलं नाही. तिनं तरसाला बोलावलं, सशाला समोर बसवलं आणि म्हणाली, याला किती मार बसला, कुठे कुठे बसला, ते सगळं ऐक. तरस सकाळपासून दिवस मावळेपर्यंत सांगत राहिला. ऐकता ऐकता सशाचे कान लांब झाले. गोष्ट संपली. मला वाटलं, शाळेच्या मुलांना यातून काय बोध? म्हणून मी सशाला एक युक्ती सुचवली आणि पळवून लावला. खाली लिहिलं: तात्पर्य, बुद्धीनं संकटातून सुटका होते.

पुस्तिका छापून आली. वाखाणली गेली. हिराबाईंना मी एक प्रत दिली. त्यांनी ती खांग्यात गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या वर्षी वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात मी हिराबाईंना गोष्ट सांगायला बोलावलं. वरची खोली शाळेच्या मुलांनी भरलेली, मुलांच्या हातांत पुस्तिका. पहिल्या रांगेत हिराबाईंचा मुलगा, सून सविता आणि नातवंडं. आईला व्यासपीठावर बघायला मुलगा कामावर खाडा करून आला होता. हिराबाईंनी "पाऊक्वा!" म्हटलं आणि मुलांनी "पाकावा!" म्हणून छप्पर उचललं. त्यांनी नेमकी सशाचीच गोष्ट घेतली. शेवटी सशाचे कान लांब झाले आणि मुलांत कुजबुज सुरू झाली. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "आजी, चुकलं. पुस्तकात ससा पळून जातो."

हिराबाई म्हणाल्या, "नाय बाय, कसा पळंल? म्हातारीनं धरलाय त्याला."

तेव्हा गुरुजी उठले. अगदी प्रेमळपणे बोलले. "हिराबाई, वयोमानानं विसरायला होतं, त्यात काही नाही. मूळ इंग्रजी पुस्तकात ससा निसटतो. भाऊंनी त्याच्यावरूनच लिहिलंय. हो ना, भाऊ?"

मी मान हलवली. मी समोरच्या टेबलाकडे बघत होतो.

हिराबाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पदर सावरून खाली उतरल्या. चहा न घेता गेल्या. पुढच्या बुधवारी आल्या नाहीत, त्यानंतरही कधी आल्या नाहीत. वर्षभरात मी निवृत्त झालो. सत्कारात माझ्या टांझानियाच्या कामाचा उल्लेख झाला. मी शाल घेतली.

इतकी वर्षं हे माझ्या मनात होतं असं म्हणायला मी तयार आहे, पण मनात असून मी काही केलं नाही, हेही तितकंच खरं. करायला भाग पाडलं ते प्राजक्तानं. गेल्या वर्षी भात झोडून झाल्यावर ती माझ्या घरी आली. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची मुलगी, मुरबाडला राहून एम.ए. करते. तिची आजी डोंगरातल्या त्यांच्या घरच्या बोलीत सशाच्या आणि तरसाच्या गोष्टी सांगते. आमच्या पुस्तिकेतल्या गोष्टींशी त्या ताडून बघायच्या, असा तिचा प्रबंध.

"सर, मूळ पुस्तक कुठेच मिळत नाही. मुंबईत शोधलं. मोबाइलवर शोधलं. लेखकाचं नावसुद्धा येत नाही."

मी म्हटलं, "वाळवीनं खाल्लं. नोंदवहीत शेरा आहे."

ती गेली. पंधरा दिवसांनी परत आली. एस.टी.नं शहापूर, तिथून खर्डी, तिथून रिक्षा. "सर, माझ्या गाईड मॅडम म्हणतात, मूळ पुस्तक दाखवलं नाहीस तर ते प्रकरण काढून टाक. निदान प्रकाशक तरी आठवतो का? पुस्तकाचा रंग?"

रंग ऐकल्यावर माझ्या तोंडात 'निळा' आलं होतं. ते मी गिळलं. मग सगळं सांगितलं.

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हणजे मी चार महिने तुम्ही बनवलेल्या पुस्तकाच्या मागे फिरतेय?"

"हो."

"आणि त्या बाई आहेत?"

"आहेत. दोन कोसांवर."

"सर, दोन कोसांवर! मी काय काय करून मुंबईला गेले माहितेय तुम्हाला?" ती उठून दारापर्यंत गेली, परत आली. "तुम्ही जाणार आहात का त्यांच्याकडे, की मीच जाऊन सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो.

हिराबाई अंगणात वाल निवडत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरात आल्या आहेत, पण नजर तीच. "कोण, लायब्ररीवाला भाऊ? वाट चुकलास काय?"

"चुकलो नाही. मुद्दाम आलो."

"मंग बस. वालावर पाय नको ठेवू."

मी बसून सांगितलं. वहीतली ओळ, पोस्टमास्तरचं आडनाव, वाळवी, सशाचा शेवट. त्या निवडत राहिल्या. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे पुस्तक नव्हतंच?"

"नव्हतं."

"कंदीच?"

"कधीच नव्हतं."

त्या मोठ्यानं हसल्या. सविता आतून बघायला आली. "ऐकलंस गो? इतकी वर्सं मी त्या पुस्तकवाल्या गोऱ्याला शिव्या देते, आन् तो हायच नाय!"

मग हसू थांबलं. हातातले वाल सुपात टाकून त्या म्हणाल्या, "भाऊ, मना वाटलं मामा रेहेमानंच मना चुकीचं सांगलं. मंग वाटलं, मीच इसरली. अकरा वर्सांतलं माज्याकडं दुसरं हाय काय? येवढंच तर घेऊन आली मी. आन् हा माजा पोरगा. त्या दिवशी घरी येताना म्हनला, आये, जे येत नाय ते कशाला बोलायला जातेस? तवापासून त्यानं मना तिकडचं काय म्हणून काय इचारलं नाय. नातवंडं इचारत होती, ती पण गप झाली."

मी हात जोडले. त्यांनी माझे हात धरून खाली केले.

"ते नको. हितं वालांपुढं माफी मागून माज्या पोराला काय कळणार? जिथं झालं तिथं सांग. वरच्या खोलीत. गुरुजी पायजे, पोरगा पायजे."

"सांगतो."

"आन् लिवून काढ. जसं लिवून घातलंस तसं."

मी गुरुजींकडे गेलो. ते आता काठी घेऊन चालतात, पण अध्यक्ष अजून तेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाऊ, तुम्ही निवृत्त आहात. नोंदवहीला हात लावायचा तुम्हाला अधिकार नाही. आणि हे बाहेर गेलं तर वाचनालयाची अब्रू काय राहील?"

"त्या बाईंची गेली तेव्हा आपण दोघंही व्यासपीठावर होतो, गुरुजी."

"आपण दोघं म्हणू नका!" त्यांचा आवाज चढला. "मी तुमच्या शब्दावर बोललो. पंचावन्न मुलांसमोर एका बाईला मी खोटं पाडलं, ते तुमच्या एका मान हलवण्यावर. मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मग त्यांनी कमरेची कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. वाचनालयात जाऊन नोंदवही उघडून ४३१७ क्रमांकाच्या ओळीवर मी तांबडी रेघ मारली. शेऱ्यात लिहिलं: असे पुस्तक नाही. गोष्टी हिराबाईंनी सांगितल्या. नोंद मी खोटी केली. माझ्या सहीशेजारी गुरुजींनी सही केली.

रविवारी वरच्या खोलीत सभा घेतली. पंचवीसेक माणसं आली. हिराबाईंचा मुलगा आला, पण खुर्चीवर बसला नाही, दारापाशी उभा राहिला. मी बोललो ती पाच-सहाच वाक्यं. जमलेल्यांत कोणी हळहळलं, कोणी एकमेकांकडे बघितलं. एक जण उठून म्हणाला, "भाऊ, मग बाकीच्या पुस्तकांचं काय खरं?" हा प्रश्न मला पुढेही ऐकावा लागणार आहे. गुरुजी काठीवर उठले आणि म्हणाले, "हिराबाई, मी चुकलो. आता तुमचा शेवट सांगा." हिराबाईंनी गोष्ट सांगितली, प्राजक्तानं मोबाइलवर टिपून घेतली. म्हातारीनं सशाला बसवलं, तरस सांगू लागला, आणि दारातून मुलाचा आवाज आला, "आये, मंग त्या तरसाचं पुडं काय झालं?"

हिराबाई बोलता बोलता थांबल्या. मग म्हणाल्या, "घरी चल, सांगते. लय मोठं हाय ते."

पुस्तिका दोन्ही तालुक्यांतल्या बावीस शाळांत गेली होती. मी एक पान छापून घेतलं आहे, त्यावर हिराबाईंचं नाव आणि गोष्टीचा खरा शेवट आहे. प्रत्येक शाळेत जाऊन प्रत्येक प्रतीत ते स्वतःच्या हातानं चिकटवतो. सतरा शाळा झाल्या. मुरबाडच्या बाजूच्या पाच राहिल्यात; गुडघे दुखतात, पण दिवाळीच्या सुट्टीआधी त्याही होतील. प्राजक्ताच्या प्रबंधात आता हिराबाईंचं नाव आहे आणि तिच्या आजीचंही. कुठल्याही शाळेत, वर्तमानपत्रात किंवा कुणाच्या प्रबंधात या गोष्टींपुढे माझं किंवा त्या नसलेल्या पुस्तकाचं नाव दिसलं, तर ते चूक आहे. कृपा करून दुरुस्त करावं.

हा लेख पाठवण्याआधी मी हिराबाईंकडे नेला. सवितानं तो त्यांना वाचून दाखवला. पूर्वीसारखाच चूक दिसली की हात वर. तीन वेळा झाला. पहिल्यांदा, त्या गेल्या तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता, असं मी लिहिलं होतं, तीन हवं. ते मी केलं. दुसऱ्यांदा, गाणारी बाई "दुसऱ्या बाईला" टोमणा मारते असं होतं, शेजारणीला हवं. तेही केलं.

तिसरा हात वर झाला तो वार्षिक कार्यक्रमाच्या भागापाशी. मी म्हटलं, "काय चुकलं?"

"तू टेबलाकडं बघत व्हतास, असं लिवलंस."

"हो."

"नाय भाऊ. गुरुजीनं तुला इचारलं तवा तू माज्याकडं बघत व्हतास. सरळ. मना वाटलं, आता बोलतो हा. म्हणून तर येवढा येळ उभी रायली मी तिथं."

सविता कागद हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. वाक्य बदलू का, असं तिला विचारायचं असावं.

टेबल मी पुढे कधी तरी मनात आणून ठेवलं असेल. इतकी वर्षं मला तेच आठवत होतं आणि त्याचा आधार वाटत होता. हिराबाई म्हणतात तेच खरं आहे. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे बघत होतो, आणि त्यांच्या डोळ्यांत बघत मी मान हलवली.